स्क्रीनवरच्या सूचना किती असाव्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीत संगणक आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दिवसाला जेवढी यंत्रं बिघडून येतात, जवळजवळ तेवढीच न बिघडलेली येतात. त्यांच्या मालकांचं म्हणणं एकच, "स्क्रीनवर कायतरी आलंय, बघा की जरा." आलेलं असतं ते बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टिमनं, म्हणजे विंडोज नाहीतर अँड्रॉइडनं, स्वतःहून सांगितलेलं काहीतरी. मागं चार गिऱ्हाइकं उभी असताना काउंटरवर नीट उत्तर देता येत नाही, म्हणून तेच ते प्रश्न इथं घेतलेत. प्रश्न लोकांच्या तोंडचे, मतं माझी.

कॉम्प्युटर चालू केला की टिपा द्यायला लागतंय. बंद करता येतं का?

येतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये जा, मग नोटिफिकेशन्स. पान सरकवत अगदी तळाला या. तिथं 'ॲडिशनल सेटिंग्ज' आहे, ते उलगडलं की तीन चौकोन दिसतात. पहिला अपडेटनंतर नवीन काय आलं ते दाखवणारा, दुसरा 'यंत्राची मांडणी पूर्ण करा' म्हणून मागं लागणारा, तिसरा टिपा आणि सल्ले देणारा. तिन्हींवरची खूण काढून टाका. यंत्राचं काही बिघडत नाही.

व्हायरसबद्दलचे इशारे यानं बंद होत नाहीत. ते वेगळे, आणि ते राहू द्यायचेच.

पण मुळात हे सांगतात कशाला? आमचा मिक्सर कुठं काय सांगतोय?

मिक्सरला एक खटका आणि तीन आकडे. बघितलं की कळतं. संगणकाला एकाच काचेच्या मागं हजार कामं असतात आणि काचेकडं बघून त्यातलं एकही कळत नाही, ही खरी अडचण.

ती अडचण पहिल्यापासूनची आहे. १९८४ मध्ये ॲपलचा पहिला मॅकिंटॉश आला तेव्हा त्याच्या खोक्यात चक्क एक कॅसेट असायची. ती टेपरेकॉर्डरवर लावायची, जोडीची फ्लॉपी संगणकात घालायची आणि आवाज ऐकत ऐकत स्क्रीनवर काय चाललंय ते बघायचं. माउस ही चीजच तेव्हा बहुतेकांनी पाहिलेली नव्हती. १९९० मध्ये विंडोज ३.० सोबत पत्त्यांचा सॉलिटेअर आला. काळ्या दश्शीवर लाल नव्वी ओढून ठेवता ठेवता किती कारकुनांचे हात माउसला बसले, त्याची गणती नाही. माझाही हात तिथंच बसला. कुणी शिकवतंय असं एकदाही वाटलं नाही.

मग ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं. चालू केलं की खालच्या पट्टीवर एक बाण सरकत सरकत डावीकडच्या बटणाला जाऊन टेकायचा, सोबत अक्षरं: सुरुवात करायला इथं क्लिक करा. त्या बटणावर चाचणीच्या काळात 'सिस्टिम' लिहिलेलं होतं. लोक ते बघून नुसते बसायचे. 'स्टार्ट' लिहिलं आणि लोकांना वाट सापडली. माझ्या मते पडद्यावरच्या मार्गदर्शनाचा सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ नमुना तोच: वेगळी सूचना देण्याऐवजी बटणालाच नीट नाव द्या.

तुमच्या मते किती असाव्यात, एका वाक्यात सांगा.

दोन लागतील. केलेलं काम उलटवता येत असेल तर स्क्रीननं गप्प बसावं. उलटवता येत नसेल तर बोलावं, एकदाच बोलावं, आणि काय जाणार आहे ते नावानिशी सांगावं.

उदाहरण घरातलंच घ्या. विंडोज ९५ पासून रिसायकल बिन आहे. फाइल पुसली तरी ती तिथं जाऊन पडते, पाहिजे तेव्हा परत आणता येते. तरी विंडोज ७ पर्यंत पुसताना दर वेळी विचारायचं, टाकू का बिनमध्ये? कचरापेटीत टाकायला कसली परवानगी! २०१२ च्या विंडोज ८ पासून हा प्रश्न मुळात बंद ठेवलेला असतो. चुकलंच तर कंट्रोल आणि झेड दाबायचं, फाइल जागेवर. आता तीच फाइल पेनड्राइव्हवरून पुसा, किंवा शिफ्ट धरून डिलीट दाबा. मग विचारतं, कायमची पुसू का? इथं विचारणं रास्त आहे, कारण मध्ये पेटी नाही, थेट विसर्जन.

दुकानात येणारी वयस्कर मंडळी म्हणतात, "भ्या वाटतंय ओ, काय दाबलं आणि गेलं तर?" टिपांच्या खिडक्यांनी हे भय जात नाही, उलट वाढतं, कारण खिडकी आली म्हणजे आपण काहीतरी चुकीचं दाबलं असंच त्यांना वाटतं. त्यांच्याकडून मी एक फालतू फाइल पुसून घेतो आणि लगेच परत आणून घेतो. दोनदा केलं की खुर्चीत मागं टेकून बसतात.

मला तर सगळे इशारे सारखेच वाटतात. कुठला मनावर घ्यायचा?

कोल्हापूरकराला हे समजावणं सोपं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात चहाच्या गाड्यावर माणूस नुसतं "किती झालं?" एवढंच विचारतो, नदीचं नाव घ्यावं लागत नाही. ३९ ऐकलं की सुतारवाड्यातली माणसं सामान बांधायला लागतात, ४३ ऐकलं की निघायचं असतं. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हाही लोकांच्या तोंडी हेच दोन आकडे होते, 'धोक्याच्या वर इतके फूट' असंच बोलणं चालायचं.

आता समजा प्रशासनानं दहाव्या फुटापासून दर फुटाला भोंगा वाजवला असता. ३९ ला कोण उठलं असतं?

संगणकात नेमकं तेच होतं. 'ब्लूटूथ जोडलं', 'स्क्रीनशॉट घेतला', 'नवीन रंगसंगती बघा' आणि 'डिस्कमध्ये जागा संपत आली' हे सगळं एकाच कोपऱ्यातून, एकाच आकाराच्या चौकटीत, एकच टिंग करत येतं. मग माणूस चौथ्यालाही पहिल्यासारखंच झटकतो. तूर्त एवढं करा: जागा संपणं, बॅकअप न होणं, पासवर्ड कुणीतरी वापरणं, या तीन गोष्टींचा उल्लेख दिसला तर थांबून वाचा.

दर वेळी 'खात्री आहे का' विचारतंय ते बरंच आहे की! चूक होत नाही.

होते. माझ्याकडून झाली.

काही वर्षांपूर्वी एका तालमीचा जमाखर्च घेऊन पोरं आली होती. तीन वर्षांच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या याद्या पेनड्राइव्हवर, त्या छापून द्यायच्या होत्या. त्याच दिवशी मी एका शाळेसाठी पेनड्राइव्ह फॉरमॅट करत बसलो होतो, वीस-पंचवीस होते. घालायचा, फॉरमॅट म्हणायचं, 'या डिस्कवरचा सगळा डेटा पुसला जाईल' अशी चौकट यायची, ओके. घालायचा, चौकट, ओके. दुपारी जेवायची वेळ टळून गेलेली. तालमीचा पेनड्राइव्ह त्याच डब्यात कसा गेला ते मला अजून कळलेलं नाही, पण चौकट आली आणि माझ्या बोटानं ओके दाबलं. डोळ्यांनी वाचलंच नव्हतं. चौकट बंद होताना पेनड्राइव्हला बांधलेला भगवा दोरा दिसला.

फॉरमॅट 'क्विक' होतं म्हणून वाचलो. क्विक फॉरमॅटमध्ये फायलींची अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर जागेवरच राहतो, वर दुसरं काही लिहिलं नाही तर बराचसा काढता येतो. रात्री अकरापर्यंत बसून याद्या काढल्या. पूर्ण फॉरमॅट केलं असतं तर आजकालच्या विंडोजमध्ये ते सगळीकडं शून्यं लिहीत जातं, मग हात जोडायचे. पोरांना खरं सांगितलं. त्यांनी पुढच्या वर्षीची वर्गणी दुप्पट लावली.

म्हणून सांगतो, विचारणा तीच-तीच झाली की ती विचारणा राहत नाही, बोटाचा एक जादा व्यायाम होतो. त्या चौकटीनं 'सगळा डेटा' न म्हणता 'यात ४१ फायली आहेत, शेवटची काल बदललेली आहे' एवढं दाखवलं असतं तर बाकीच्या रिकाम्या पेनड्राइव्हांपेक्षा हा वेगळा आहे हे दिसलं असतं. सांगायला यंत्राला काय जड होतं? त्याला ते माहीत होतंच.

हाच धडा मोठ्या प्रमाणावर विंडोज व्हिस्टाला मिळाला. २००७ च्या सुरुवातीला व्हिस्टा बाजारात आलं ते प्रत्येक बारीक बदलाला परवानगी मागत. मागं असलेलं कारण चांगलं होतं, नको ते सॉफ्टवेअर गुपचूप शिरू नये. पण लोक इतके कातावले की कित्येकांनी तो पहाराच काढून टाकला. २००९ च्या विंडोज ७ मध्ये त्याला चार पायऱ्यांची सरकपट्टी दिली, आणि विंडोजमधलेच छोटे बदल तुम्ही करत असाल तर विचारणं थांबवलं.

ती पेपरक्लिप आठवते का? ती बरी होती, बोलायची तरी.

आठवते की. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मध्ये, म्हणजे वर्ड-एक्सेलच्या संचात, मदतीला येणारी क्लिपी. तुम्ही पत्राचा मायना लिहायला घेतला की कोपऱ्यातून डोळे मिचकावत म्हणायची, पत्र लिहिताय वाटतं, मदत करू? २००१ च्या ऑफिस एक्सपीत ती आपोआप यायची बंद केली, ऑफिस २००७ मध्ये काढूनच टाकली. त्याआधी १९९५ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट बॉब' नावाचा प्रकार आला होता. आख्खा संगणकच एक घर, त्यात खोल्या, आणि खोलीत बोलणारा कुत्रा. तो वर्षभरातच गुंडाळला.

क्लिपीचा दोष बोलण्यात नव्हता. ती तुमच्याकडं बघायची, पण तुम्ही काय शिकलात ते लक्षात ठेवायची नाही. शंभराव्या पत्रालाही पहिल्यासारखीच पुढं यायची. आपल्या तालमीत वस्ताद हौद्याच्या काठावर बसलेला असतो. नव्या पोराला पहिल्या दिवशी पाय कसा टाकायचा ते हाताला धरून दाखवतो. वर्षभरानं त्याच पोराला लांबूनच नुसतं "पाय!" म्हणतो. आणि खासबाग मैदानात कुस्ती लागली की एखादा शब्द, तोही वेळेवर. वस्ताद जर प्रत्येक पकडीला "तुम्ही ढाक मारताय वाटतं" म्हणाला असता तर पैलवानानं त्यालाच उचलून आपटला असता.

नवीन फोनला खालची बटणंच नाहीत. माघारी कसं यायचं?

कडेवरून बोट आत ओढायचं, डावीकडून किंवा उजवीकडून. पण तुम्ही हा प्रश्न विचारताय यातच सगळं आलं.

कागलकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक नवा फोन घेऊन आले होते. म्हणाले, फोन चांगला आहे, पण सारखा बंद करून चालू करावा लागतोय. मी म्हटलं, दाखवा. त्यांनी व्हॉट्सॲपवरचा नातीचा फोटो उघडला, बघितला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि बाजूचं बटण दाबून धरून फोन बंद केला. मग परत चालू. "आता दुसरा फोटो बघायचा," म्हणाले. फोटोतून बाहेर यायची वाट त्यांना माहीत नव्हती, म्हणून ते दर वेळी घरच पाडून नव्यानं बांधत होते. तीन आठवडे.

बटण असतं तेव्हा ते स्वतःच सांगत असतं की मला दाबा. बोटाच्या खुणेला काही दिसत नाही. अँड्रॉइड १० मध्ये, म्हणजे २०१९ साली, कडेवरून ओढायची ही पद्धत आली. जुनी तीन बटणं मात्र अजून पोटात असतात. सेटिंग्जमध्ये वर शोधायची जागा आहे, तिथं 'नेव्हिगेशन' लिहा. काही फोनमध्ये ते सिस्टिमखाली सापडतं, सॅमसंगमध्ये डिस्प्लेखाली. तीन बटणांचा पर्याय निवडला की झालं. सरांना लावून दिला. पेढे आणले होते त्यांनी दुसऱ्या दिवशी.

दिसणारी गोष्ट काढून टाकायची आणि तिच्या जागी सूचना चिकटवायची, हा व्यवहार कधीच फायद्याचा ठरलेला नाही. विंडोज ८ नं स्टार्टचं बटण काढलं, माउस कोपऱ्यात नेला की मगच काहीतरी उघडायचं. पहिल्या वेळी एक हलतं चित्र दाखवून 'कोपऱ्यात न्या' सांगायचे. वर्षभरात, २०१३ च्या ८.१ मध्ये, बटण परत आणावं लागलं. याच्या उलट आयफोनचं बघा. २००७ पासून कुलूप उघडायची पट्टी होती, तिच्यावर 'सरकवून उघडा' अशी अक्षरं, आणि त्या अक्षरांवरून डावीकडून उजवीकडं उजेडाची एक तिरीप सरकत जायची. सूचना, बटण आणि दिशा एकाच जागी. लहान पोरं वाचता येत नसताना उघडायची. २०१६ मध्ये तेही काढलं, असो.

पहिल्यांदा चालू करताना सगळं दाखवतात की. ते बघायचं ना मग.

कोण बघतं ते सांगा. फोन घेतला की पहिल्यांदा चालू करतो तो दुकानदार, नाहीतर घरातला नातू. ज्याला गरज नाही त्यालाच तो दौरा दिसतो, आणि तो भराभर 'पुढे, पुढे, वगळा' करून मोकळा होतो. मीही तेच करतो, खोटं कशाला बोलू. आजोबांच्या हातात फोन येतो तेव्हा गाइड निघून गेलेला असतो.

आणि खुद्द आजोबांनी बघितला असता तरी फार फरक पडला नसता. आयबीएम या संगणक कंपनीतले संशोधक जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्येच लिहून ठेवलंय की माणसाला काम उरकायचं असतं, शिकायचं नसतं. आधी वाचलं तर पुढं वेळ वाचेल हे पटत असूनही तो वाचत नाही. तेव्हा दौरा फुकटच. दौऱ्याला परत बोलवायची सोय हवी, नेमक्या त्या जागी, अडल्यावर.

अडल्यावर एफ वन दाबायचं असतं म्हणे?

असायचं. एफ वन म्हणजे मदत, हा रिवाज चांगला जुना आहे. पूर्वी ज्या खिडकीत असाल तिच्याबद्दलचं पान उघडायचं. आता विंडोज १० किंवा ११ च्या डेस्कटॉपवर एफ वन दाबून बघा, ब्राउझर उघडतो आणि इंटरनेटवर शोध घेतो. म्हणजे "नेट का चालत नाही?" हे विचारायला आधी नेट चालू पाहिजे. न विचारता मिळणारी मदत वाढत गेली आणि विचारून मिळणारी आटत गेली, माझी मुख्य तक्रार हीच आहे.

फोन मराठीत केला, पण सूचना कळेनात. इंग्रजीच ठेवू का?

तुम्हाला एकट्याला नाही, हे सगळ्यांना होतं. 'सेव्ह' हा शब्द गगनबावड्याच्या वाडीतही कळतो, 'संचयित करा' कुणी बोलत नाही. 'ब्लॉक' कळतं, 'अवरोधित' वाचून आधी धाप लागते. काही शब्द मात्र मराठीतच झकास बसतात: पुसा, शोधा, मागे, पुढे, बंद करा. शब्द मराठी की इंग्रजी हा वाद मला बिनकामाचा वाटतो. तो दुकानात बोलला जातो का, एवढं बघावं.

शब्दापेक्षा वाक्याची रचना जास्त घोळ करते. एक नमुना सांगतो. एखादं काम मध्येच थांबवलं की चौकट येते, 'रद्द करायचे आहे का?' खाली दोन बटणं: 'रद्द करा' आणि 'ठीक आहे'. आता यातलं 'रद्द करा' म्हणजे काम रद्द, की रद्द करणं रद्द? इंग्रजीतही हा घोळ आहेच, मराठीत तो तसाच उचलून आणलाय. 'काम थांबवा' आणि 'चालू ठेवा' लिहिलं असतं तर प्रश्न वाचायचीही गरज नव्हती.

आणि बटणाची लांबी इंग्रजीवरून मोजलेली असते. मराठी वाक्य त्यात मावत नाही, मग 'परवानगी…' एवढंच दिसतं. पुढं 'द्या' आहे की 'देऊ नका', ते तुमचं नशीब.

माझा सल्ला: वाचणाऱ्याला जी लिपी भराभर वाचता येते ती ठेवा. बहुतेक घरांत आईला मराठी आणि मुलीला इंग्रजी, असंच ठरतं.

मॉनिटरला कागद चिकटवलेला चालतो का?

चालतो काय, दागिना आहे तो. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव सीपीयू घेऊन आले, सोबत मॉनिटरही. मॉनिटरच्या कडेला वहीचं पान, सेलोटेप पिवळा पडलेला. निळ्या शाईत लिहिलेलं:

"निळी चौकट – उजवीकडचे बटण.
पिवळी चौकट – नातवाला फोन.
काहीच नाही आले – थांबणे. दोनदा दाबू नये."

शेवटची ओळ बघा. एकदा दाबल्यावर यंत्र गप्प बसतं, माणसाला वाटतं दाबलंच गेलं नाही, तो परत दाबतो, आणि पावती दोनदा निघते. यावर सचिवांनी स्वतः तोडगा काढला होता. खरं तर हे काम स्क्रीनचं, 'चालू आहे, थांबा' एवढंच दाखवायचं. ज्यांना ऑपरेटिंग सिस्टिम बनवायच्या आहेत त्यांनी दूध संस्थांतले असे कागद गोळा करावेत. लोकांना काय सांगायला पाहिजे ते तिथं आयतं लिहिलेलं आहे. कागद फाटला होता, मी लॅमिनेट करून दिला.

ॲप परवानगी मागतंय, काय दाबू?

आत्ता तुम्ही जे करताय त्याला ती लागते का, ते बघा. फोटो काढायला निघालात आणि कॅमेरा मागितला, द्या. टॉर्चच्या ॲपनं संपर्कांची यादी मागितली, नको म्हणा. पूर्वी अँड्रॉइडवर ॲप घेतानाच भली मोठी यादी यायची आणि सगळं एकदम मान्य करावं लागायचं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ज्या क्षणाला लागेल त्या क्षणाला विचारतात. विचारायची योग्य वेळ कुठली, याचं हे चांगलं उदाहरण. एरवी मी या कंपन्यांना फार शिव्या देतो म्हणून हेही सांगितलं पाहिजे.

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं आलंय. करू का?

अजिबात नको. ती सूचना संगणकाची नाही, एका वेबपेजनं पूर्ण स्क्रीन व्यापून केलेलं सोंग आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यातून ब्राउझर बंद करा. तेही नाही जमलं तर सरळ बटण दाबून संगणक बंद करा. फोन केलाच असेल आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तासाभराचाही उशीर नको.

ही फसवणूक चालते कशावर? खऱ्या यंत्रानंच लोकांना सवय लावून ठेवलीय की चौकट आली, घाबरायचं आणि ती सांगेल ते करायचं. चोर फक्त तसा पोशाख घालून येतो.

मुलगा म्हणतो लिनक्स काहीच बोलत नाही, भारी आहे. खरं का?

लिनक्स ही विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम. काळ्या खिडकीत, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करत असेल तर खरं आहे. लिनक्स ज्या जुन्या युनिक्सवर बेतलंय त्याची चालच तशी: काम झालं तर गप्प, बिनसलं तरच बोलायचं. फाइल कॉपी केली की 'झाली' सुद्धा म्हणत नाही. पण गप्प बसणाऱ्या या यंत्राला विचारलं तर भरभरून सांगतं. 'मॅन' आणि पुढं आज्ञेचं नाव लिहा, पानंच्या पानं येतात. या माहितीपुस्तिकेची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ ची. मात्र तिथं पुसलेलं पुसलंच, पेटीबिटी काही नाही. माझ्या मापानं बघितलं तर नेमकी बोलायची जागाच ते चुकवतं. मुलाला बॅकअप घ्यायला सांगा.

डोळ्यांना दिसत नसेल तर या सूचनांचं काय होतं?

वाचून दाखवल्या जातात, अँड्रॉइडवर टॉकबॅक, विंडोजवर नॅरेटर. विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की नॅरेटर चालू. मग कळतं की मधेच उडी मारणारी टिप काय त्रास देते. डोळस माणूस तिच्याकडं काणाडोळा करतो, ऐकणाऱ्याचं मात्र चाललेलं वाक्य तुटतं आणि कुठं होतो ते परत शोधावं लागतं. एक अंध गिऱ्हाईक मला म्हणालं होतं, "तुम्ही कुणाशी बोलत असताना मधी येऊन कोण खांद्याला हलवतं, तसं हाय ते."

सूचना आणि जाहिरात यात फरक काय?

तुमचं अडलेलं असताना आली तर सूचना, त्यांचं अडलेलं असताना आली तर जाहिरात. 'शिफारस', 'सुचवलेले', 'मांडणी पूर्ण करा' असल्या नावांखाली जे येतं त्यात विकत घ्यायचं काहीतरी सापडलं तर बेलाशक बंद करा.

दुकानात आणलं तर हे सगळं नीट करून देता का?

देतो. टिपा बंद, तीन बटणं चालू, अक्षरं मोठी, अर्ध्या तासाचं काम. सोमवारी दुकान बंद असतं. आणि येताना पासवर्ड आठवून या. "मुलग्याला माहीत हाय, तो पुण्यात असतोय" म्हणालात तर चहा पाजीन, काम होणार नाही.